मदतीच्या यादीत बाई कुठे आहे?

(गंगाखेड येथे कार्यकर्त्या मैत्रिणींपुढे केलेले भाषण)

जनाबाईंच्या या गावात मला जळालेल्या चुलींबद्दल बोलायचं आहे.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंचा खून झाला. हजारो माणसं बेघर झाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला.

दंगलीनंतर धान्य, कपडे, पत्रे येतात. ते लागतातच. पण पंचनामा घराचा होतो आणि घर पुरुषाच्या नावावर असतं. बाईची भांडी, शेळी, कणगीतली ज्वारी कोण लिहितं? टाकलेली, एकटी बाई तर यादीतच नसते. अत्याचार झाला असेल, तर परक्या पुरुषापुढे ती बोलणार कशी?

आणि गावी परतल्यावर? ज्यांनी घर जाळलं त्यांच्याच शेतात खुरपायला जायचं. बहिष्कार पडला की रोजगार, पाणी, दुकान सगळं बंद. नुसतं छप्पर घातलं म्हणजे पुनर्वसन नव्हे.

पुढे कुठेही वस्ती उठली, जातीवरून असो की धर्मावरून, तर यादी बायकांना विचारून, बायकांच्या नावाने करू या. तक्रारीसाठी तिच्यासोबत ठाण्यात जाऊ या. पाणी आणि रोजगार सुरू होईपर्यंत वस्तीत येत राहू या.

आणि सवर्ण मैत्रिणींनो, पलिता घेऊन निघालेला हात आपल्या घरातला असेल, तर तो उंबऱ्यातच धरू या.