अंतर मैलाचे आणि अंतर वेळेचे

(काशीद येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणावरून)



एखादे गाव किती दूर आहे, असे विचारले की आपण किलोमीटरचा आकडा सांगतो. पण आजारी माणसाला दवाखान्यात नेणाऱ्याला हा आकडा पुरत नाही. त्याला हवी असते ती वेळ.

उत्तरेचे एक उदाहरण घेऊ. श्रीनगर आणि लेह येथील विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. विमानाला त्यासाठी तासाभराचा अवधीही लागत नाही. रस्त्याने मात्र तेच अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास भरते. वाटेत झोजी ला ही खिंड लागते, आणि हिवाळ्यात बर्फ पडले की ती वाट बंद होते. विमानालाही निसर्गाची बंधने आहेतच. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवा विरळ आणि दुपारी वारे जोराचे, म्हणून विमानांची ये-जा मुख्यतः सकाळी होते. तात्पर्य, अंतर तेच असले तरी वेळ ऋतूप्रमाणे आणि प्रहराप्रमाणे बदलते.

आता आपल्या काशीदकडे वळू. मुंबईच्या गेटवेपासून काशीद सरळ रेषेत ५३-५४ किलोमीटर आहे. रस्त्याने पेण, अलिबागवरून यावे, तर हेच अंतर सव्वाशे किलोमीटरच्या घरात जाते, कारण खाड्यांना वळसा घालावा लागतो. मांडव्याच्या जलमार्गाने हा वळसा वाचतो. मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाली. वाहनासह माणूस त्या बोटीने सुमारे तासाभरात मांडव्याला उतरतो. तथापि समुद्र खवळला की हा मार्गही भरवशाचा राहत नाही.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे अंतर म्हणजे काशीद ते अलिबाग, कारण जिल्हा रुग्णालय तेथे आहे. सरळ रेषेत हे अंतर २२-२३ किलोमीटर, तर बोर्ली, कोर्लई, साळाव, रेवदंडा या मार्गाने ते सुमारे ३० किलोमीटर आहे. या वाटेवर कुंडलिकेची खाडी आहे, आणि लहानमोठे ओढे व पूल आहेत. जुलै २०२१ मध्ये अतिवृष्टीत काशीदजवळचा पूल कोसळला. त्यात एकाचा प्राण गेला. हा किनारी मार्ग तुटला आणि वाहनांना रोह्याकडून वळसा घ्यावा लागला. नकाशावरील अंतर रेसभरही वाढले नव्हते, परंतु माणसांना ते कितीतरी वाढलेले भोगावे लागले.

यावरून माझी आपणांस एक विनंती आहे. पंचायतीच्या कार्यालयात एक फलक लावावा. काशीदहून अलिबाग, मुरूड व रोहा येथे पोचण्यास कोरड्या दिवसांत किती वेळ लागतो, भर पावसात किती, आणि एखादा पूल बंद झाल्यास कोणत्या वाटेने किती, हे तीन रकान्यांत लिहावे. शिक्षकांनी हे मोजमाप विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. भूगोलाचा याहून चांगला धडा नाही. पावसाळ्याआधी प्रत्येक पुलाची पाहणी व्हावी, म्हणून पंचायतीने बांधकाम खात्याला लेखी कळवावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावताना वाट कोठे बंद आहे, हे सांगणाऱ्याला आधीच ठाऊक असावे.

रस्ता आणि पूल बांधणे हे शासनाचे काम आहे. परंतु आपल्या गावाचे खरे अंतर किती, हे अचूक सांगणे गावाच्याच हातात आहे. तेवढे केले, तर संकटाच्या वेळी वाट शोधण्यात जाणारा वेळ वाट चालण्यासाठी उरेल.