पथकाची शिट्टी मुलीच्या हाती



स्वातंत्र्यदिनी व प्रजासत्ताकदिनी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील गावोगावी प्रभातफेरी निघते. पुढे ध्वज, त्यामागे ढोल-ताशा व झांज, त्यामागे लेझीम आणि शेवटी बालवर्गाची रांग, हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. हेच पथक पुढे केंद्राच्या वा तालुक्याच्या स्पर्धेत उतरते. या पथकांत मुलींची संख्या आता मुळीच थोडी नाही. किंबहुना अनेक शाळांत लेझमीच्या रांगा मुलींनीच भरलेल्या असतात. तथापि एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. मुलगी पथकाच्या अग्रभागी दिसते ती बहुधा कलश किंवा ध्वज घेऊन. शिट्टी मात्र पुष्कळ ठिकाणी मुलाच्याच हाती असते.

अग्रभागी असणे आणि नेतृत्व करणे या दोन भिन्न गोष्टी होत. वादनपथकाचे नेतृत्व म्हणजे ठेक्यावरील अधिकार. चाल केव्हा वाढवावी, केव्हा संथ करावी, ‘चार आवाज’ संपवून ‘पवित्रा’ केव्हा घ्यावा, वळणावर रांग तुटू लागली तर सर्वांना जागच्या जागी कसे खिळवून ठेवावे, हे जो ठरवितो तो नायक. ढोल-ताशाच्या पथकात हे काम बहुतांशी ताशावाल्याकडे असते. ताशाने इशारा दिल्यावाचून ढोल बदलत नाही. म्हणून मुलीच्या हाती ताशा व शिट्टी देणे म्हणजे तिला शोभेचे स्थान देणे नव्हे, तर निर्णयाचे स्थान देणे होय.

ही कल्पना या भूमीला परकी आहे असे कोणी समजू नये. वारली समाजात लग्नविधीचे पौरोहित्य धवलेरी करते, आणि धवलेरी ही स्त्री असते. तिच्या गाण्याच्या क्रमाने विधी पुढे सरकतात. तिने थांबविले की मांडव थांबतो. तारपा पुरुषाच्या हाती असतो हे खरे. परंतु स्वराने समुदायाला चालविण्याचा स्त्रीचा अधिकार या डोंगरदऱ्यांनी फार पूर्वीच मान्य केलेला आहे. शाळेने त्याची ओळख ठेवावी, एवढेच.

शहरांतही हा बदल क्रमाक्रमाने झाला. पुण्यातील ज्ञानप्रबोधिनी ही संस्था 1962 साली स्थापन झाली. पुढे तिच्या मुलींचे पथक गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल व बरची घेऊन उतरले. त्या काळी मिरवणुकीतील ढोल हे केवळ पुरुषांचे काम मानले जाई. आज पुण्याच्या पथकांतून सहस्रावधी युवती वादन करतात. आपल्याच ठाणे जिल्ह्यात डोंबिवली येथे 1999 पासून गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा निघते. तिच्यात आणि तिच्या धर्तीवर इतरत्र निघणाऱ्या यात्रांतही स्त्रिया कमरेला ढोल बांधून चालताना दिसतात.

2024 च्या प्रजासत्ताकदिनी तर दिल्लीच्या मुख्य संचलनाचा आरंभच शंभराहून अधिक स्त्रियांच्या भारतीय वाद्यवादनाने झाला, आणि त्यांत महाराष्ट्राचा ढोल-ताशाही होता. त्याच संचलनात दिल्ली पोलिसांच्या स्त्रियांच्या पाइप बँडने प्रथमच भाग घेतला. त्याचे नेतृत्व उपनिरीक्षक रुयांगुनुओ केन्से यांनी केले. शाळांसाठी भरविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बँड स्पर्धेतही मुलींच्या ब्रास बँडचा व पाइप बँडचा स्वतंत्र गट ठेवलेला आहे. तात्पर्य, वाट मोकळी झाली आहे. त्या वाटेवर पाड्यावरील मुलीला उभे करणे हे शिक्षकाचे काम आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, ढोल जड असतो व मुलीला तो पेलत नाही. ज्या शहापूर तालुक्यातील तानसा व भातसा जलाशय मुंबईची तहान भागवितात, त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात मुली डोक्यावर हंडा घेऊन चढ चढतात. पाणी सांडू न देता पाऊल टाकणाऱ्या मुलीला तोल आणि ताल शिकविण्याची फारशी गरज नसते. लहान वयाच्या मुलांना, मग ती मुले असोत वा मुली, बेताच्या वजनाचा ढोल द्यावा, हे मात्र सर्वांनाच लागू आहे. दुसरा आक्षेप असा की, मुले मुलीचा हुकूम मानणार नाहीत. तो काही अंशी खरा आहे. परंतु शिक्षक स्वतः तिचा इशारा मानतो असे दिसले की मुलेही तो मानू लागतात.

येथेच खरी कसोटी आहे. 73 वी घटनादुरुस्ती 1993 साली अमलात आली आणि ग्रामपंचायतींत स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात 2011 मध्ये हे प्रमाण निम्मे झाले. त्यातून अनेक कर्तबगार महिला सरपंच पुढे आल्या. तरीही काही ठिकाणी खुर्ची पत्नीची आणि कारभार पतीचा, हे दृश्य गावाने पाहिले आहे. पथकातही तसेच घडू शकते. शिट्टी मुलीच्या गळ्यात, आणि शिक्षक मात्र रांगेबाहेरून हातवारे करून पथक चालवीत आहेत, असे झाले तर ती मुलगी नायिका नव्हे, केवळ निमित्तमात्र ठरते.

यासाठी काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. नायिकेची निवड उंचीवरून, रूपावरून किंवा वडिलांच्या प्रतिष्ठेवरून करू नये. पाचवीपासूनच्या सर्व मुलींना आळीपाळीने एकेक दिवस पथक चालवू द्यावे; जिचा ठेका ढळत नाही आणि जिची नजर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते, ती आपोआप दिसू लागते. तिची चूक रांगेसमोर न दाखविता सराव संपल्यावर एकांती सांगावी. सैनिकी संचलनाची तेज चाल मिनिटाला सुमारे 120 पावलांची असते. ती पहिली-दुसरीच्या बालकांना झेपत नाही. अशा वेळी चाल किती उतरवावी, हे शिक्षकाने सांगू नये. मागे वळून पाहून तिने ते ठरवावे. तेवढ्या एका निर्णयात नेतृत्वाचा अर्धा धडा येतो.

समारंभाच्या दिवशी मुलींना रांगोळी, स्वागतगीत, चहापान यांत गुंतविण्याची रीत आहे. पथकाच्या नायिकेला त्या दिवशी यांपैकी कोणतेही काम देऊ नये. ती कामे मुलांनाही येतात. सराव शाळेच्या वेळातच आटोपावा, म्हणजे दूरच्या पाड्यावरील मुलीला अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचता येते व पालकांचा विरोधही मावळतो. स्पर्धेपूर्वी एकदा तिच्या आईवडिलांना शाळेत बोलावून ते पथक दाखवावे.

आणखी एक अडचण या भागाची खास आहे. दिवाळी सरली की कातकरी व इतर श्रमिक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. प्रजासत्ताकदिनाची तयारी ऐन त्याच दिवसांत येते, आणि पावसाळ्यात तयार झालेली नायिका एखाद्या सकाळी शाळेत दिसेनाशी होते. म्हणून प्रत्येक पथकाला दोन नायिका असाव्यात, एक वरच्या वर्गातील आणि एक खालच्या. परंतु दुसरी नायिका मिळाली म्हणजे पहिलीला विसरावे, असे नव्हे. तिचे कुटुंब जाण्यापूर्वीच शिक्षकाने घरी जावे, आणि मुलीला नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात ठेवून शाळा सुरू ठेवता येईल काय, हे विचारावे. ‘पथक तुमच्या मुलीवाचून अडते’ हे वाक्य हजेरीच्या नियमाहून पालकांच्या मनास अधिक भिडते, आणि ते खरे असले तर शिक्षकाला ते निःसंकोचपणे म्हणता येते.

कारण खरा प्रश्न ढालीचा नाही. स्पर्धेत एका शाळेला ढाल मिळते आणि इतर शाळा रिकाम्या हाताने परततात. परंतु अनेक पाड्यांवर सातवीनंतर मुलीची शाळा अंतरामुळे, घरकामामुळे किंवा लग्नाच्या विचाराने थांबते, आणि तो निर्णय होताना तिला कोणी विचारीत नाही. ज्या मुलीच्या इशाऱ्यावर चाळीस पावले एकाच वेळी थांबली, ज्या मुलीने पराभवानंतर आपल्या पथकाला रांगेतच परत आणले, तिला आपल्या शब्दाचे मोल एकदा कळलेले असते. आणि गावानेही ते पाहिलेले असते. तिचे शिक्षण त्यामुळे निश्चित पुढे चालेल, असे वचन कोणी देऊ शकत नाही. पण त्या दिवशी ती मान खाली घालून गप्प बसणार नाही, एवढी आशा शिक्षकाने अवश्य बाळगावी.

शाळेच्या कपाटात ढोल, ताशा व लेझीम यांच्याजवळच ती शिट्टी पडलेली असते. तिला पैसा लागत नाही, मंजुरी लागत नाही. येत्या सरावाच्या दिवशी ती कोणाच्या हाती द्यावयाची, हे ठरविणे सर्वस्वी शिक्षकाच्या अधिकारातील आहे.