ध्रुवावरील हिम आणि आपला भाद्रपद



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आयुष्य कापडाच्या गादीवर गेले. म्हणून विषयही हिशेबाचाच निवडला आहे. उत्तर ध्रुवाकडील बर्फ वितळतो, त्याची नोंद चारठाण्याच्या खातेवहीत कशी होते?

सप्टेंबर २०२५ चे विस्मरण आपणांपैकी कोणास झाले नसेल. भाद्रपद सरता सरता मराठवाड्यावर पाऊस कोसळला, नद्यांनी पात्रे सोडली, काढणीस आलेले सोयाबीन शेतातच कुजले. आपल्याकडे दिवाळीची कापडखरेदी सोयाबीनच्या पैशावर होते. त्या आश्विनात नेहमीची गिऱ्हाईके दुकानासमोरून नमस्कार करून पुढे गेली. मागील उधारी मागण्याचे धैर्य मला झाले नाही.

गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहूनच निघाली होती. उत्तर ध्रुवप्रदेशातही २००८ पासून ‘हिमाद्री’ हे आपले स्थानक आहे. या केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रशियाच्या उत्तरेस कारा समुद्र आहे. उन्हाळ्यात तेथील बर्फ घटला, की मध्य भारतात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टी होण्याचा संभव वाढतो, असे त्यांस आढळले. उघड्या पाण्यातून वर गेलेली उष्णता उंचावरील वायुप्रवाहांस वळण देते व त्याचा परिणाम वायव्य भारतावरील हवेपर्यंत पोहोचतो. त्यात अरबी समुद्र तापलेला असला, तर बाष्पास तोटा नाही. हा संबंध त्यांनी ‘संभाव्य’ म्हटला आहे. कच्ची नोंद पक्की धरणे व्यापाऱ्यास शोभत नाही. म्हणून २०२५ चा पूर त्यामुळेच आला, असे मी म्हणणार नाही.

परंतु बर्फ घटतो आहे, यात संशय नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये उत्तर ध्रुवसागरावर केवळ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर बर्फ उरला होता. उपग्रहांच्या नोंदींतील हा नीचांक. पांढरे आणि काळे कापड उन्हात ठेवून हात लावून पाहावा. बर्फ हे पांढरे कापड, उघडा समुद्र हे काळे. बर्फ गेला की पाणी तापते, पाणी तापले की आणखी बर्फ जातो. चक्रवाढ व्याजच!

तरंगता बर्फ वितळल्याने समुद्र फारसा चढत नाही. ग्रीनलंड व अंटार्क्टिका यांच्या भूमीवरील बर्फ मात्र पाणी वाढवतो, आणि तापलेले पाणी फुगते ते निराळेच. १९०० पासून समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर चढली आहे. ज्या मुंबईहून आमचा माल येतो, ती तर सात बेटांमधील समुद्र भरून उभी राहिलेली आहे.

शास्त्रांनी दव, धुके व हिम यांची गणना अपकायिक जीवांत केली आहे. पाणी गाळून, गाळण्यावरील जीव पुन्हा विहिरीत सोडण्याचा नियम माझ्या मातोश्रींनी जन्मभर पाळला. मी दुकानात डिझेलचे जनित्र चालवले, तेव्हा हा नियम मला आठवला नाही.

धर्मशाळेच्या छतावर सौरपट्ट्या बसवण्याचा ठराव गेल्या सभेत खर्चाच्या कारणास्तव पुढे ढकलला गेला. विरोध करणाऱ्यांत मीही होतो. येत्या सभेत तो ठराव मीच मांडणार आहे. पहिली देणगी माझ्या नावे लिहून घ्यावी, ही विनंती.