सल्ला वडीलधाऱ्यांचा, शरीर आपले



मी डॉक्टर नाही. बँकेत कारकून आहे, शिक्षण कला शाखेचे. त्यामुळे आरोग्यावर व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नाही. घरात घडलेली एक गोष्ट तेवढी सांगतो.

माझ्या थोरल्या बंधूंची दोन्ही मूत्रपिंडे मधुमेहामुळे निकामी झाली आणि डायलिसिस सुरू झाले. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे न्यायचे, ही आपली रीत. येणारा प्रत्येक पाहुणा शहाळे आणायचा. आई पहाटे तांब्याभर पाणी प्यायला लावायची. पाण्याने रोग धुऊन जातो, असे तिला तिच्या आईने सांगितलेले. दादांच्या पायांवर सूज चढली, दम लागू लागला आणि एका रात्री त्यांना दवाखान्यात हलवावे लागले.

तेथील डॉक्टरांनी आम्हाला समजावले. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असते. निरोगी मूत्रपिंडे जादा पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकतात. ती निकामी झाली की ते रक्तात साठते, हृदयाचे ठोके बिघडतात, प्रसंगी हृदय बंद पडते. जादा पाणीही अंगात आणि फुप्फुसात साठते. आईने मान खाली घातली. तिचा सल्ला वाईट नव्हता. तो दादांच्या शरीराला लागू नव्हता, एवढेच.

मग जुने सारे टाकून द्यायचे काय? मुळीच नाही. वडील रात्री शतपावली करीत. जेवणानंतर चालल्याने रक्तातील साखर कमी चढते, हे आज डॉक्टरही सांगतात. मलाही मधुमेह आहे. मी रोज शतपावली करतो. परंतु दवात अनवाणी चालण्याचा सल्ला मी पाळत नाही. माझे तळपाय बधिर झाले आहेत. काटा रुतला तरी कळणार नाही, आणि जखम चिघळली तर पाय गमवावा लागेल.

आम्ही बँकेत चेकवरची सही बरोबर आहे म्हणून लगेच पैसे देत नाही; खात्यात शिल्लक किती, तेही पाहतो. सल्ल्यावर वडीलधाऱ्यांची सही असते. शिल्लक मात्र आपल्याच शरीरात पाहावी लागते.

केसपुत्त येथे कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते. एखादी गोष्ट केवळ परंपरेने आली म्हणून स्वीकारू नका. तिने हित होते की अहित, हे स्वतः पारखा आणि सुज्ञांचे मतही पाहा. आपल्या बाबतीत सुज्ञ म्हणजे तपासणी करणारा डॉक्टर.

त्या रात्रीनंतर दादा आणखी चार वर्षे आमच्यात होते. त्यांचे दिवसाचे पाणी आईच मापून ठेवायची. तिला लिहितावाचता येत नव्हते, पण तिने एकदाही माप चुकविले नाही.

आपणास एकच विनंती. मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी वर्षातून एकदा मूत्रपिंडांची तपासणी करून घ्यावी. आणि आजाऱ्याकडे शहाळे नेण्यापूर्वी घरच्यांना विचारावे, "त्यांना चालते ना?"