थांबणारा कॅमेरा



ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या काही मराठी मंडळींना
2011 चा फेब्रुवारी अजून आठवत असेल.
नोकरी मागणारी तरुण मुलं ग्लोब चौकात जमली होती.
गोळीबार झाला. जीव गेला.
जगानं सोहारचा तो क्षोभ पाहिला,
तो छायाचित्रांतून.

पण गोंधळ शमला, की कॅमेरे निघून जातात.

मुंबईचे वृत्तछायाचित्रकार सुधारक ओलवे
मात्र थांबतात.
1988 पासून ते या पेशात आहेत.
मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो
त्यांनी वर्षानुवर्षं काढले.
कचऱ्याच्या ढिगात उतरलेली माणसं,
आणि त्याच माणसांची घरं.
घरात प्रवेश मिळणं सोपं नाही, बरं का!
त्याला ओळख लागते, विश्वास लागतो.

पुढे जातीय अत्याचार सोसलेल्या कुटुंबांनाही
ते भेटत राहिले.
पहिल्या पानावरून बातमी गेल्यावरसुद्धा.
पुन्हा सांगते,
सगळे निघून गेल्यावर
ओलवे थांबतात.

2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली.
त्यांच्या फोटोग्राफी प्रमोशन ट्रस्टमध्ये
वंचित घरांतली मुलं आता
स्वतः कॅमेरा चालवायला शिकतात.