मोडल्या फांदीचा फुटवा

17 मे 2021. तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या बाजूने समुद्रातूनच उत्तरेला सरकले आणि रात्री दीवजवळ सौराष्ट्राच्या किनाऱ्याला लागले. कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी 114 किलोमीटरवर पोचला होता. वसई-विरारला वादळाने जाता जाता झोडपले. झाडे उन्मळली, वीज गेली. पडलेल्या झाडांचे फोटो सगळीकडे फिरले. फांद्या गमावून उभ्या राहिलेल्यांकडे कोण बघतो? आजचे व्याख्यान त्यांच्याबद्दल आहे.

वादळ आले ती वेळ वाईट होती. वसई-विरारमधल्या तुळिंजच्या पूर्वेला तुंगारेश्वरच्या रानात मे महिन्यात ऐन, मोह यांची पालवी नवी असते. खोडामुळांत साठवलेले पिष्ट खर्चून झाडाने ती काढलेली असते. दुकान थाटल्या दिवशीच लुटले जावे, तसा तो फटका. उत्तर अमेरिकेत जानेवारी 1998 मध्ये गोठणारा पाऊस दिवसेंदिवस पडला आणि क्यूबेकपासून न्यू इंग्लंडपर्यंत मेपल-बर्चच्या फांद्या बर्फाच्या वजनाने कडाडून मोडल्या. पण ती झाडे तेव्हा निष्पर्ण, शिल्लक बाळगून होती. आपल्या झाडांच्या बाजूने एकच गोष्ट होती: पाऊस तोंडावर आलेला होता.

जखम भरून येते असे आपण म्हणतो. माणसाची येते, झाडाची नाही. अमेरिकन वनविभागातल्या ॲलेक्स शायगो यांनी हजारो ओंडके उभे चिरून हे दाखवले. मोडलेल्या जागेभोवती झाड आतून भिंती घालते, कुज तिथेच कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवत जाते. आतला सडका भाग जन्मभर आतच राहतो. आंब्याची फांदी खोडाला मिळते तिथे सुजल्यासारखा एक फुगवटा दिसतो. ती भिंत घालणारी पेशी-मंडळी त्यातच असतात. तुटकी फांदी फुगवट्याच्या बाहेर कापली, तर कड वळून जखम झाकली जाते. खोडाला घासून सफाईदार कापली, तर फुगवटाही गेला. वर डांबर फासून काही साधत नाही.

नवी पाने कुठून येतात, हा पुढचा प्रश्न. सालीखाली वर्षानुवर्षे निजलेले डोळे शेंडा तुटताच जागे होतात. सागाचा बुंधा तोडला तरी तो जमिनीलगत फुटतो. नारळ-सुपारीला ही सोय नाही: शेंड्याचा एकच कोंब, तो गेला की झाड गेले. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या उजाड झाल्या, त्यातला मोठा घाव हाच होता. मोडलेली सुपारी फुटत नाही. नवे रोप लावून वर्षानुवर्षे वाट पाहायची. वसईच्या खाडीतही असाच भेद आहे. तिवर मोडून पुन्हा फुटते, कांदळाच्या जुन्या लाकडातून मात्र फुटवा येत नाही.

शहरात अडचण वेगळी. वादळ झाले की पुढचे झाड डोक्यावर पडेल या भीतीने उभ्या झाडांचीही मुंडकी उडवली जातात. भीती खोटी नाही. खोड उभे चिरले असेल, मुळे उचकटून जमीन भेगाळली असेल, तर ते झाड काढलेच पाहिजे. पण नुसत्या फांद्या गेलेल्या झाडाचा निकाल पहिल्या आठवड्यात लावू नये. मुंडके उडवले की कापाखाली धुमाऱ्यांचे झुबके फुटतात, लांबून झाड हिरवेगार दिसते. हे धुमारे लाकडाच्या अगदी वरच्या थरात रुजलेले असतात. दोन-चार वर्षांत ते जड होतात आणि पुढच्या जोराच्या वाऱ्यात तेच आधी निखळतात. तरीही पहिल्या पावसाळ्यात धुमाऱ्यांना हात लावायचा नाही, झाडाला पानांची गरज असते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जोमदार, नीट अंतरावरचे तेवढे ठेवून बाकीचे विरळायचे. ठेकेदाराच्या कामाच्या यादीत ही दुसरी फेरी बहुधा नसतेच.