तबकडीयंत्राची मालकी



मालकी दोन प्रकारची असते. एक पैसे मोजले किंवा वारसा लाभला कीं लगेच मिळते. दुसरी वस्तु बिघडल्यावर आपण तिच्याशीं कसे वागलों, यावरून हळूहळू सिद्ध होते. धरमपेठेंतील आमच्या घरीं चाळीसांहून अधिक वर्षें एक जपानी बनावटीचें तबकडीयंत्र आहे. पहिल्या प्रकारची मालकी मला वडिलांच्या माघारीं आपोआप मिळाली. दुसरी मात्र तें यंत्र माझ्याच हातून जळलें, त्या दिवसापासून मला कष्टानें मिळवावी लागली.

हें यंत्र डायरेक्ट ड्राइव्ह जातीचें आहे. त्यापूर्वींच्या प्लेअरांत मोटर बाजूला बसे आणि रबरी चाकानें किंवा पट्ट्यानें तबकडीखालची थाळी फिरवी. रबर झिजे, पट्टा सैल पडे, आणि त्यांच्याबरोबर सूरहि सैल पडे. जपानांतील मात्सुशिता कंपनीचे अभियंते शुइची ओबाता यांनीं ही मध्यस्थीच काढून टाकली. मोटरचा आंस तोच थाळीचा आंस केला. त्यांचें एसपी-१० हें यंत्र १९७० सालीं विक्रीस आलें आणि १९७२ सालीं टेक्निक्स एसएल-१२०० निघालें. अशा यंत्राची मोटर थाळीइतक्याच संथपणें, म्हणजे मिनिटास तेहेतीस व एक-तृतीयांश फेरे, फिरते. तिच्या वेगावर एक इलेक्ट्रॉनिक पहारेकरी क्षणोक्षणीं नजर ठेवतो. ती मंदावली कीं पुढें लोटतो, धांवूं लागली कीं आवरतो.

वेगाची एवढी काळजी कशाला, असें कोणी विचारील. वेग सुमारें सहा टक्के वाढला कीं पांढरी एकमधलें गाणें काळी एकमध्यें जाऊन बसतें. गवयानें मन लावून जुळविलेला तंबोरा आपण घरबसल्या चढवून ठेवतों, आणि त्या बिचाऱ्यास त्याचा पत्ताहि नसतो! म्हणून थाळीच्या कडेस ठिपक्यांची ओळ असते. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची. तिच्यावरील लहानसा दिवा सेकंदास शंभरदां लुकलुकतो. त्या उजेडांत १८० ठिपक्यांची ओळ जागच्या जागीं उभी दिसली तर वेग बरोबर. ठिपके पुढें सरकूं लागले तर वेग अधिक, मागें सरकले तर कमी.

आमचें यंत्र काकांनीं १९८० सालीं जपानहून आणलें. तिकडील घरगुती वीज १०० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. म्हणून त्याच्यासोबत विजेचा दाब उतरविणारा एक जड ट्रान्सफॉर्मरहि आला होता. वडील असेपर्यंत दोघांची जोडी कधीं फुटली नाहीं. ते गेले आणि यंत्रावर कापड पडलें, तें कित्येक वर्षें तसेंच राहिलें.

एका मे महिन्यांतल्या दुपारीं आई म्हणाली, “वसंतराव ऐकावेसे वाटतात रे.” ज्यांनीं या नागपुरांत शंकरराव सप्रे यांच्यापाशीं गाण्याचे धडे घेतले, त्या वसंतराव देशपांडे यांची ती लाँग-प्ले तबकडी वडिलांच्या विशेष आवडीची. मीं उत्साहानें यंत्र पुसलें आणि त्याची वायर सरळ भिंतींतल्या सॉकेटमध्यें खोंचली. ट्रान्सफॉर्मर माळ्यावर होता, आणि माझ्या ध्यानांतून पार गेला होता. थाळी एकदां थरथरली, जळक्या वार्निशाचा वास सुटला, आणि सारें शांत झालें. आई रागावली नाहीं. “राहूं दे, रेडिओ लाव,” एवढेंच ती म्हणाली. त्या शब्दांनीं मला जितकें लागलें, तितकें रागावण्यानें लागलें नसतें.

दोन ठिकाणीं मला सांगण्यांत आलें कीं मोटर गेली, आतां यंत्र भंगारांत काढा. शेवटीं सीताबर्डीवरील एका वृद्ध कारागिराकडे गेलों. त्यांनीं मोटरला हातहि लावला नाहीं. म्हणाले, “भाऊ, मोटर अशी एवढ्यांत मरत नसते. आधीं वीज कुठवर पोंचते तें पाहूं.” त्यांनीं विजेच्या वाटेंत ६० वॅटचा एक साधा बल्ब जोडला. बल्ब एकदां चमकून मंदावला तर ठीक; भगभगून पेटतच राहिला तर आंत वीज भलत्याच आडवाटेनें जात आहे असें समजावें. आमचा बल्ब पेटतच राहिला. यंत्राच्या पोटांतील लहान ट्रान्सफॉर्मर जळला होता आणि त्यापुढचा एक ट्रान्झिस्टर गेला होता. मोटरचीं वेटोळीं शाबूत होतीं.

त्यांनीं तो ट्रान्सफॉर्मर नव्यानें गुंडाळवून घेतला, आणि तोहि २३० व्होल्टचा. म्हणजे माझी चूक पुन्हां कोणाच्या हातून घडावयास नको. मग त्यांनीं लहान दंडगोलासारखे कंडेन्सर एकेक करून बदलले. त्यांच्या पोटांतील द्रव वर्षानुवर्षें आटत जातो. उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं त्यांचें आयुष्य निम्म्यावर येतें, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. आणि आमच्या नागपुरांत तर पारा ४५ अंशांपलीकडे जातो! वेग कमी-अधिक करण्याचा सरकता खटका धुळीनें अडखळत होता, तो त्यांनीं साफ केला. आंसाच्या तळाशीं त्यांनीं तेलाचे दोनच थेंब सोडले. अधिक तेल म्हणजे अधिक प्रेम नव्हे, हें त्यांचें वाक्य मीं लक्षांत ठेवलें आहे.

ज्यांच्या घरीं असें यंत्र असेल, त्यांस माझ्या अनुभवाचा एवढाच उपयोग: वर्षानुवर्षें निजलेलें यंत्र उठवितांना पाठीवरचा व्होल्टचा आंकडा आधीं वाचावा. उन्हाळ्यांत तें कूलरच्या दमट झोतापासून दूर ठेवावें आणि तबकड्या पश्चिमेच्या भिंतीशीं कधींहि ठेवूं नयेत. आणि बिघडलेलें यंत्र टाकून देऊं नये. त्याच्या कित्येक जुन्या चिप्स आतां कारखान्यांत बनत नाहींत, त्यामुळें एका मृत यंत्रावर दुसरें जगतें.

यंत्र घरीं आलें त्या संध्याकाळीं तबकडी लावली. मी आईच्या चेहऱ्याकडे पाहात होतों. थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, “घाईंत गातायत का रे?” मीं वांकून पाहिलें, तों ठिपके खरोखरच मुंगीच्या पावलांनीं पुढें सरकत होते. खटका किंचित् मागें घेतला. ठिपके उभे राहिले. आईनें ठिपक्यांकडे पाहिलेंसुद्धां नव्हतें. तिनें मान मागें टेकली आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशीं मीं एक चिठ्ठी लिहून यंत्राच्या पाठीवर चिकटविली: “हें यंत्र आतां २३० व्होल्टचें आहे. तेल दोनच थेंब.” माझ्यामागून जो कोणी याचा मालक होईल, त्याच्यासाठीं ती आहे. पहिल्या प्रकारची मालकी त्यास आयती मिळेल. दुसऱ्या प्रकारची त्यानें स्वतःच मिळवावी, परंतु माझ्याइतकी किंमत देऊन नव्हे.